यंत्राचे फेरे

(फिरणारे यंत्र किती वेगाने फिरते, हे नुसत्या डोळ्यांनी नेमके सांगता येत नाही. तो वेग मोजणाऱ्या उपकरणांची ओळख या पाठात करून दिली आहे. शेतातल्या कडबा कुट्टीपासून परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रापर्यंत या मोजमापाचा उपयोग कसा होतो, ते वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, वर्गातल्या पंख्याकडे एकदा पाहा. तो एका मिनिटात किती फेरे घेतो, सांगता येईल? बटण बंद केल्यावर पंखा हळूहळू थांबू लागतो, तेव्हा शेवटचे पाच-सात फेरे आपण मोजू शकतो. पण तो वेगात असताना पाती दिसेनाशी होतात आणि धुरकट वर्तुळ तेवढे दिसते.

जुन्या काळी ही अडचण नव्हती. बैल घाण्याभोवती फिरे. विहिरीवरचा रहाट कुरकुरत फिरे. त्यांचे फेरे लहान मूलही मोजू शके. पुढे वाफेचे इंजिन आले, डिझेल इंजिन आले, विजेची मोटार आली. शेतावरच्या अनेक मोटारींच्या पाटीवर १४४० हा आकडा असतो. याचा अर्थ, ती मोटार एका मिनिटात १४४० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २४ फेरे! आपली पापणी लवून पुन्हा उघडते तोवर तिचे पाच-सहा फेरे होऊन जातात. असा वेग मोजायला उपकरणच हवे.

या उपकरणाला टॅकोमीटर म्हणतात. ग्रीक भाषेत ‘टॅकोस’ म्हणजे वेग. आपण त्याला साध्या मराठीत ‘फेरेमापक’ म्हणू. मोटारगाडीतला वेगमापक ताशी किती किलोमीटर अंतर कापले जाते ते सांगतो. फेरेमापक मात्र इंजिनाचा दांडा मिनिटाला किती वेळा फिरतो ते सांगतो. गाडी जागेवर उभी असली, तरी तिचे इंजिन फिरतच असते. तेव्हा वेगमापकाचा काटा शून्यावर असतो, फेरेमापकाचा नसतो. दोन्हींतला फरक एवढ्यावरून लक्षात येईल.

पण फेरे मोजून करायचे काय? असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्यासाठी आपण एका वर्कशॉपमध्ये जाऊ. समजा, एक शेतकरी तेथे तक्रार घेऊन आला आहे.

“मिस्त्री, आमची कुट्टी मशीन लई हळू चालायली. कडबा नीट कापंना. मोटारीला मोठी पुली बसवून द्या की.”

“किती इंची पुली हाय आता?”

“मोटारीला चार इंची. मशीनला सोळा इंची.”

“मग सहा इंची बसवू म्हणता?”

“व्हय. वेग वाढंल.”

“वेग वाढंल, काका, पण आधी मोजू तर द्या. मग बोलू.”

मिस्त्रीने काय हिशेब केला असेल? मोटारीचे फेरे १४४०. तिची पुली चार इंची, यंत्राची पुली सोळा इंची. मोठी पुली लहान पुलीच्या चौपट आहे, म्हणून यंत्राचे फेरे एक चतुर्थांश होणार. १४४० भागिले ४, म्हणजे ३६०. यंत्राने मिनिटाला सुमारे ३६० फेरे घ्यायला हवेत. मिस्त्रीने फेरेमापक लावून पाहिला. मोटार १४४० दाखवत होती. यंत्र मात्र ३०० दाखवत होते. मग ६० फेरे गेले कोठे?

ते पट्ट्याने खाल्ले होते. पट्टा सैल झाला होता आणि पुलीवरून घसरत होता. दर सहा फेऱ्यांतला एक फेरा वाया जात होता. पट्टा ताणला, पात्यांना धार लावली, की काम झाले. नवी पुली घ्यायची गरजच नव्हती.

आता मिस्त्रीने न मोजताच सहा इंची पुली बसवली असती, तर? घसरण निघून गेल्यावर यंत्र ३६० ऐवजी ५४० फेरे घेऊ लागले असते. वेग दीडपट झाला असता. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फिरणाऱ्या चाकावरचा ताण वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर ताण चौपट होतो. वेग दीडपट झाला, तर ताण सव्वादोनपट होतो. चाकाचा बोल्ट, पात्याचा नट आणि लोखंडाचा ओतीव भाग एवढा ताण सोसेलच असे नाही. पाते निसटले, तर ते बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. समोर कोण उभे आहे, हे ते पाहत नाही.

कडबा कुट्टी आणि मळणी यंत्र यांत हात सापडून अनेकांना कायमचे अपंगत्व आले आहे. म्हणूनच १९८३ साली आपल्या संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. शक्तीवर चालणारे मळणी यंत्र या कायद्याने धोकादायक मानले आहे. यंत्र ठरलेल्या वेगानेच चालवावे, हा दक्षतेचा पहिला नियम होय. आणि वेग मोजलाच नाही, तर तो नियम पाळणार कसा?

आता ही उपकरणे चालतात कशी, ते पाहू.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे गणक आणि घड्याळ. गणकाच्या टोकाला रबराची शंकूच्या आकाराची टोपी असते. ती फिरणाऱ्या दांड्याच्या मध्यावर हलकेच टेकवायची. दांडा फिरला, की टोपीही फिरते आणि गणकातले आकडे पुढे सरकतात. घड्याळात एक मिनिट पाहायचे आणि आकडा वाचायचा. पण या पद्धतीत पूर्ण मिनिटाची सरासरीच कळते. इंजिन मध्येच अडखळले, तर ते समजत नाही.

या क्षणी वेग किती आहे, हे दाखवणारे उपकरण हवे होते. उरुसात किंवा जत्रेत तुम्ही गोल फिरणारा पाळणा पाहिला असेल. तो उभा असतो, तेव्हा साखळ्या सरळ खाली लोंबतात. फिरू लागला, की खुर्च्या बाहेरच्या बाजूला फेकल्या जातात. वेग जितका जास्त, तितक्या खुर्च्या दूर आणि उंच जातात. जेम्स वॅट याने १७८८ साली हीच युक्ती वाफेच्या इंजिनासाठी वापरली. दांड्याभोवती फिरणारे दोन गोळे वेग वाढला, की बाहेर झेपावत आणि वाफेची झडप थोडी मिटत. वेग कमी झाला, की गोळे खाली येत आणि झडप उघडे. इंजिन स्वतःच स्वतःला आवरू लागले! पुढे याच तत्त्वावर फेरेमापक तयार झाला. १८१७ साली जर्मन अभियंता डीट्रिख ऊलहॉर्न याने असा फेरेमापक यंत्रांचा वेग मोजण्यासाठी वापरला. वजने बाहेर सरकत, त्यांच्याबरोबर काटा सरके आणि वेग वाचता येई.

दुसरा प्रकार चुंबकाचा. जुन्या मोटारसायकली आणि ट्रॅक्टर यांत तो सर्रास दिसतो. इंजिनाकडून आलेली तार एक लहान चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. तरी गंमत पाहा! चुंबक फिरला, की वाटीत विजेचे लहान लहान प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जेथे थांबते, तेथे काटा आकडा दाखवतो.

ट्रॅक्टरच्या फेरेमापकावर ५४० या आकड्याची एक खूण असते. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक फिरणारा दांडा असतो. त्याला मळणी यंत्र किंवा फवारणी यंत्र जोडतात. या दांड्याने मिनिटाला ५४० फेरे घ्यावेत, असे प्रमाण अनेक देशांत मान्य झाले आहे. यंत्रे बनवणारे तेवढा वेग धरूनच ती बनवतात. चालकाने काटा त्या खुणेवर ठेवला, की मागचा दांडा ५४० फेऱ्यांवर येतो. घाईच्या दिवसांत काटा त्या खुणेपुढे नेण्याचा मोह होतो. तो मोह यंत्राला आणि माणसाला, दोघांनाही महाग पडतो.

तिसरा प्रकार प्रकाशाचा. चाकावर चकाकणाऱ्या कागदाची एक छोटी पट्टी चिकटवतात. उपकरणातून प्रकाशाचा किरण तिच्यावर सोडतात. पट्टी समोर आली, की किरण परत येतो. एका फेऱ्याला एक चमक. उपकरण चमका मोजते आणि आकडा दाखवते. यात यंत्राला हात लावावा लागत नाही, म्हणून ही पद्धत अधिक सुरक्षित आहे.

प्रकाशाचा विषय निघालाच आहे, तर त्याची एक फसवी बाजूही समजून घ्या. विजेचा साधा ट्यूबलाइट आपल्याला सतत जळताना दिसतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंद होतो. समजा, चार आऱ्यांचे एक चाक मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेत आहे. दिव्याच्या दोन उजाळ्यांमध्ये ते बरोबर पाव फेरा फिरते. प्रत्येक वेळी एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा आलेला असतो. डोळ्यांना वाटते, चाक उभे आहे! नवखा कामगार ‘यंत्र बंद आहे’ असे समजून हात पुढे करतो आणि हात गमावतो. म्हणून कारखान्यात सगळे ट्यूबलाइट विजेच्या एकाच फेजवर लावत नाहीत. तीन फेजवर वाटून लावतात, म्हणजे एक मंद होतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो.

याच फसवणुकीचा चांगला उपयोगही करून घेता येतो. पूर्वी घरोघरी ग्रामोफोन असे. तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई. ती हळू फिरली, तर गायकाचा आवाज जाड येई. जलद फिरली, तर चिरका येई. वेग तपासण्यासाठी ७७ काळ्या रेघांचा एक गोल कागद तबकडीवर ठेवत आणि विजेच्या दिव्याखाली पाहत. रेघा स्थिर दिसल्या, की वेग बरोबर. रेघा पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकताना दिसल्या तर कमी. एका कागदाच्या तुकड्याचा फेरेमापक झाला!

आता आपल्या बीड जिल्ह्यातल्या मोठ्या यंत्रांकडे वळू. ऊसतोडीसाठी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे घर सोडून जातात. त्यांनी तोडलेला ऊस कारखान्यात ज्या लोखंडी रुळांमधून पिळला जातो, ते रूळ मिनिटाला चार-पाच फेरेच घेतात. पण रूळ फिरवणारे वाफेचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते. मधल्या दातेरी चाकांच्या पेट्या वेग कमी करतात आणि जोर वाढवतात. रूळ फार जलद फिरला, तर रस पुरता निघत नाही. फार हळू फिरला, तर उसाच्या गाड्या फाटकाबाहेर ताटकळतात. तेव्हा तेथेही फेऱ्यांवर नजर ठेवावीच लागते.

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रात १९७१ साली ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॉटचे मोठे संच आले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. हे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. ३००० हाच आकडा का? मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या देशातील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने ठरलेली आहे. म्हणजे तुमच्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, ती अशा जनित्रांच्या फेऱ्यांच्या तालावर.

एवढ्या अवजड टर्बाइनचे फेरे कसे मोजतात? दांड्यावर एक दातेरी चाक बसवतात. त्याच्याजवळ, पण त्याला न शिवता, एक संवेदक असतो. प्रत्येक दाता समोरून गेला, की संवेदकात विजेचा एक ठोका उमटतो. चाकाला ६० दाते असले, तर हिशेब फारच सोपा होतो. सेकंदाला जितके ठोके, मिनिटाला तितकेच फेरे! ३००० ठोके पडले, की ३००० फेरे.

समजा, वीज वाहून नेणारी मोठी वाहिनी अचानक तुटली. जनित्रावरचा भार एकदम नाहीसा होतो, पण वाफ येतच असते. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसारखे टर्बाइन पळू लागते. अशा वेळी माणसाला विचार करायलाही सवड नसते. वेग साधारण दहा टक्क्यांनी वाढून ३३०० च्या आसपास गेला, की संरक्षक यंत्रणा वाफेच्या झडपा आपोआप बंद करते. या कामासाठी सहसा तीन संवेदक बसवतात आणि तिघांपैकी दोघांचे एकमत ग्राह्य धरतात. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर एवढा मोठा निर्णय घेत नाहीत.

टर्बाइन थांबवतानाही फेऱ्यांचे भान ठेवावे लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवावा, तसे टर्बाइन बाजूला ठेवता येत नाही. तापलेला दांडा एकदम थांबला, तर वरचा भाग आणि खालचा भाग सारख्या वेगाने निवत नाहीत आणि दांडा वाकतो. म्हणून तो पुरता थंड होईपर्यंत त्याला एका वेगळ्या मोटारीने अगदी संथपणे फिरवत ठेवतात. ३००० फेरे मोजणारी माणसे तेव्हा हे संथ फेरेही तितक्याच काळजीने पाहतात.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेकडील राज्यांचे विजेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून या जाळ्यातील सगळी जनित्रे एका तालात फिरतात. पाण्यावर चालणारी जनित्रे हळू फिरतात, पण त्यांत चुंबकाच्या जोड्या जास्त असल्यामुळे तीही ५० आवर्तनांचीच वीज देतात. संध्याकाळी देशभर दिवे लागले, की सगळ्यांचा वेग किंचित उतरतो. मागणी घटली, की किंचित चढतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले होते. तेव्हा विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली. तरीही वारंवारता ४९.७ ते ५०.२६ यांच्या मर्यादेत राहिली. टर्बाइनच्या भाषेत सांगायचे, तर वेग २९८२ आणि ३०१६ फेरे यांच्या दरम्यान राहिला. नियंत्रण कक्षातील माणसांनी पडद्यावरच्या आकड्यांवर नजर ठेवली, म्हणून देश अंधारात बुडाला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मिस्त्री होईल, कोणी शेती करील, कोणी अभियंता होईल. यंत्र कोणतेही असो, ‘चालते आहे ना, मग झाले’ असे म्हणू नका. आवाजाचा अंदाज घ्या, डोळ्यांनी पाहा; पण यंत्रात बदल करण्यापूर्वी त्याचे फेरे मोजा. अंदाज चुकला तर तो पुन्हा बांधता येतो. गेलेला हात पुन्हा येत नाही.

शब्दार्थ

वेग – रफ्तार
दांडा – यंत्राचा फिरणारा लोखंडी गज
ओतीव – साच्यात धातू ओतून बनवलेला
दक्षता – एहतियात, सावधगिरी
झडप – वाफ किंवा पाणी अडवणारे दार
आरा – चाकाची काडी
संवेदक – बदल ओळखून खूण देणारे उपकरण
नवखा – नया, अनुभव नसलेला
निवणे – ठंडा होना, थंड होणे
ग्राह्य – स्वीकारण्याजोगे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘टॅकोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ काय?
(आ) ट्रॅक्टरच्या फेरेमापकावर कोणत्या आकड्याची खूण असते?
(इ) परळीच्या केंद्रातील टर्बाइन मिनिटाला किती फेरे घेते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मिस्त्रीने नवी पुली बसवली नाही.
(आ) कारखान्यात सगळे ट्यूबलाइट एकाच फेजवर लावत नाहीत.
(इ) तापलेले टर्बाइन एकदम थांबवत नाहीत.

प्र. ३. गाळलेल्या जागा भरा.
(अ) वेग दुप्पट झाला, तर ताण ........ होतो.
(आ) मोटारगाडी उभी असली, तरी तिचे ........ फिरत असते.
(इ) तीन संवेदकांपैकी ........ एकमत ग्राह्य धरतात.

प्र. ४. ‘ताटकळणे’, ‘नजर ठेवणे’, ‘महाग पडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. शेतकरी आणि मिस्त्री यांचा संवाद प्रमाण मराठीत लिहा.

प्र. ६. एका मोटारीचे फेरे १४४० असून तिची पुली पाच इंची आहे. यंत्राची पुली वीस इंची आहे. यंत्राचे फेरे किती होतील? पट्ट्याने दर सहापैकी एक फेरा खाल्ला, तर किती उरतील?

उपक्रम : सायकल स्टँडवर उभी करा. मागच्या चाकाच्या टायरवर खडूने एक ठळक खूण करा. मित्राला पायडल संथपणे फिरवायला सांगा. खूण एका मिनिटात किती वेळा वर येते, ते दुरून मोजा. फिरत्या चाकाजवळ हात, ओढणी किंवा सैल कपडा नेऊ नका. मग चाकाचा परीघ दोरीने मोजा आणि सायकल रस्त्यावर असती, तर तेवढ्या वेळात किती अंतर गेली असती, ते काढा.